स्वच्छ यादी

इस्पितळाच्या तळघरात कागदांचे गठ्ठे बांधण्यात उभं आयुष्य गेलं, म्हणून त्यांना सगळे गठ्ठेकाका म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. अर्ज आला की त्याला भोक पाडायचं, दोरी ओवायची, गाठ मारायची आणि गठ्ठा फळीवर चढवायचा, एवढंच ते काम. गठ्ठेकाका फार हुशार होते असं कोणी म्हणत नसे, ते स्वतःही म्हणत नसत. पण गाठ अशी मारत की सोडवताना डॉक्टरांच्या नाकी नऊ यावेत.

मग एके दिवशी गाड्या आल्या आणि गठ्ठे भरून घेऊन गेल्या. रिकाम्या तळघराला रंग लागला, संगणक आले, थंड हवेचं यंत्रही आलं. इतकी वर्षं तिथे माणसं उकडून निघत होती तेव्हा ते कोणाला सुचलं नव्हतं. संगणकाला उकडेल म्हटल्यावर लगेच सुचलं. नोंदणी विभागाच्या साहेबांनी जाहीर केलं, की ज्याला एसक्यूएल, म्हणजे संगणकातल्या नोंदी मागवायची भाषा, शिकायची असेल त्याने शिकावी, नाहीतर फाटकावर उभं राहावं. फाटकावर म्हणजे ऊन, पाऊस आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिव्या. काकांनी हात जोडून पाहिले, पण कोणी दाद दिली नाही.

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा ताई हसून हसून बेजार झाली. हसली की तिला धाप लागायची, म्हणून मग काकांनाच तिला गप्प करावं लागलं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा काकांचे दुधाचे दात पडत होते आणि ताईची शाळा सुरू होती. तिने शाळा सोडली आणि लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं. याच इस्पितळाच्या चादरी तिच्या हाताखालून जायच्या. त्या पैशांवर भाऊ शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की ती म्हणायची, "एक पोर वाढवलंय, पुरे झालं." मनगटावर इस्त्रीच्या चटक्याचा जुना डाग होता. आता ती भावाच्या घरी पुढच्या खोलीत राहायची, आणि तिच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती.

शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायला ते दोघं गेले, तो दिवस काकांना पुढे फार आठवला. खिडकीतल्या मुलीने फोन नंबर विचारला. ताईकडे फोन नव्हता आणि तिला नकोही होता.

"माझा घाला," काका म्हणाले.

मुलीने घातला आणि संगणकाने नाकारला. एक नंबर एकाच पेशंटला, असा नियम. काकांचा नंबर त्यांच्या स्वतःच्या मधुमेहाच्या नोंदीला आधीच चिकटलेला होता, आणि काकूंचा त्यांच्या गुडघ्यांना.

"दुसरा कोणाचा आहे का, काका?"

"अगं, जाऊ दे. हिला कशाला हवा फोन? मी इथेच तर बसतो, खाली तळघरात. नंबर लागला की मीच सांगेन घरी जाऊन."

मुलगी हसली. ताईही हसली. घरी जाताना ताईने त्यांचा दंड धरून बजावलं, "हे बघ बाळ्या, आत बसतोस म्हणून माझं नाव पुढे सरकवायचं नाही. आपल्या आधीपासून लोक ताटकळत उभे असतात. वशिला लावलास तर मी टेबलावर चढायची नाही, सांगून ठेवते."

पन्नाशी कधीच ओलांडलेले, डोक्यावरचे केस गेलेले बाळ्या हो म्हणाले. ताईपुढे दुसरं काही म्हणायची त्यांना सवयच नव्हती.

शिकवायला एक बाई येत असत. पहिले काही तास सगळंच काकांच्या डोक्यावरून गेलं. त्यांना एकच प्रश्न पडायचा: पेशंटचं नाव एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, आणि त्याचा फोन दुसऱ्याच टेबलात, हा काय वेडेपणा? त्यांच्या गठ्ठ्यात एका माणसाचं सगळं एका दोरीत असायचं.

"एखाद्याचे दोन फोन असतात, काका," बाई म्हणाल्या, "एखाद्याचा एकही नसतो. म्हणून फोन वेगळे ठेवायचे. दोन्ही टेबलांत रुग्णक्रमांक मात्र तोच. तीच तुमची दोरी समजा. हवं तेव्हा जोडायचं."

आणि मग त्यांनी चपलांचं दुकान मांडलं. एका फळीवर सगळे डावे जोडे, दुसरीवर उजवे, प्रत्येकाच्या तळाला नंबर. डावा उचलायचा, नंबर बघायचा, उजव्या फळीवर तोच नंबर शोधायचा. जुळला की जोडी खोक्यात. याला जॉइन म्हणायचं.

"आणि उजवा सापडलाच नाही तर?" काकांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं. नुसतं जॉइन लिहिलंत, तर जुळलेल्या जोड्या तेवढ्या मिळतील. एकटा डावा फळीवरच राहील, आणि तो राहिलाय हे संगणक तुम्हाला सांगणार नाही. जॉइनच्या आधी लेफ्ट लिहिलंत, तर सगळेच्या सगळे डावे मिळतील. ज्याला उजवा नाही त्याच्या शेजारची जागा रिकामी. तिथे तो नल असं दाखवेल."

"नल म्हणजे शून्य?"

"नाही. शून्य म्हणजे नाही हे माहीत आहे. नल म्हणजे काही माहीतच नाही."

काकांना हे समजलं. अगदी नीट समजलं, आणि हीच या गोष्टीतली सगळ्यात वाईट बाब आहे. न कळल्यामुळे चूक झाली असती, तर माणूस निदान स्वतःला मूर्ख म्हणवून घेऊन मोकळा झाला असता.

वर्ग संपल्यावर साहेबांनी पहिलं खरं काम दिलं. शस्त्रक्रियेला ज्यांची पाळी आली त्यांची यादी दर सोमवारी निघायला हवी होती. ती बघून फोनवरची बाई एकेकाला बोलावणार. काकांनी तीन दिवस डोकं खाजवलं आणि लिहिलं: रुग्ण टेबलातून पाळी आलेले घे, संपर्क टेबलाशी लेफ्ट जॉइन कर, दोन्हीकडचा रुग्णक्रमांक सारखा असेल तिथे जोड. कळ दाबली आणि यादी खळखळत पडद्यावर आली. आपण सांगितलं आणि यंत्राने ऐकलं, या आनंदाने काकांना अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

साहेब मागून वाकून बघत होते. "हे जागोजाग नल नल काय दिसतंय?"

"ज्यांचा फोन नाही ते, साहेब."

"अहो, ही वर जाणार आहे. धुतलेल्या चादरीवर डाग राहावेत तशी दिसतेय. जरा स्वच्छ करा."

काकांनी क्षणभर विचार केला. केला नाही असं नाही. ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांना फोनवरची बाई तरी कसं बोलावणार? ते आपणहून खिडकीवर येतीलच विचारायला. गठ्ठ्यांच्या काळात सगळेच खिडकीवर यायचे, कोणाचं अडलं नाही. त्यांनी लेफ्ट हा शब्द खोडला आणि पुन्हा कळ दाबली. यादी आली. एकही जागा रिकामी नव्हती.

"वा, गठ्ठेकाका!" साहेबांनी पाठ थोपटली. "याला म्हणतात काम." ती आज्ञा तशीच संगणकात साठवली गेली. दर सोमवारी तीच चालायची, आणि खिडकीतल्या मुलीलाही समोर तीच यादी दिसायची.

घरी काकूंनी जेवायला वाढलं तेव्हा काकांचं तोंड थांबत नव्हतं. ताईने तर शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमचा बाळ्या आता मशीनशी बोलतो, आणि मशीन त्याचं ऐकतं!" काकांनी "पुरे गं" म्हटलं, पण त्यांना ते पुरे वाटत नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक सोमवारी संध्याकाळी एकच प्रश्न असायचा.

"लागलं का रे माझं नाव?"

"नाही अजून."

"नीट बघितलंस ना?"

"बोट ठेवून बघितलं, ताई. लागलं असतं तर लपवलं असतं का?"

आणि ते खरंच बोट ठेवून बघत. पडद्यावर बोट टेकवून, वरून खाली, एकेक ओळ. ताईचं नाव घालून रुग्ण टेबलात शोधायला एका कळीचं काम होतं, पण ते त्यांनी केलं नाही. ताईला दिलेला शब्द होता. सगळ्यांची नावं जिथून येतात तिथूनच हिचंही येईल, यात त्यांना एक प्रकारचं समाधानही वाटायचं. आपण सचोटीने वागतोय, हे समाधान फार गोड असतं आणि ते माणसाला आंधळं करतं.

ताईचं हिंडणंफिरणं मात्र दिवसेंदिवस कमी होत चाललं. आधी बाजारात जाणं बंद झालं. मग जिना. मग ती दोन उशांना टेकून झोपू लागली, पुढे तीन. पाय सुजायचे; काकू रात्री तेल लावून द्यायच्या. एकदा स्वयंपाकघरात काकूंनी नवऱ्याला गाठलंच.

"एकदा वेगळं शोधा की त्यांचं नाव. माझं मन सांगतंय काहीतरी राहिलंय."

"तिनेच बजावलंय."

"त्यांनी पुढे ढकलू नका म्हणून बजावलंय. बघू नका म्हणून नाही."

हे बोलणं इतकं सरळ होतं, की काकांना राग आला. "यादी मी लिहिलीय. ती चुकायची नाही," असं ते जरा आवाज चढवून म्हणाले. काकूंनी भांडी घासायला घेतली आणि नेहमीपेक्षा जोरात घासली.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही तोच आजार होता, आणि त्याने ताईच्या बऱ्याच नंतर नाव घातलं होतं. ताईनेच त्याला खिडकी कुठे ते सांगितलं होतं. एका रविवारी तो छातीवर पट्टी बांधून, बायकोच्या आधाराने जिना चढून भेटायला आला. ऑपरेशन झालं होतं. चेहऱ्यावर रंग होता. ताईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि तो गेल्यावर हळूच विचारलं, "याने नाव माझ्यानंतर घातलं होतं ना रे?"

"त्याचं तातडीचं असेल," काका म्हणाले. पण तातडीच्या पेशंटची यादी वेगळी असते, आणि शिंप्याचं नाव काकांनी स्वतःच्या सोमवारच्या यादीत वाचलेलं होतं. वाचताना बरंही वाटलं होतं, ओळखीचा माणूस म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते कचेरी उघडायच्या आधीच जाऊन बसले. आज्ञा उघडली. शब्द कुठे नाही ते त्यांना बघावंही लागलं नाही. जॉइनच्या आधी त्यांनी लेफ्ट लिहिलं आणि कळ दाबली.

यादी आली. डाग परत आले. नल, नल, नल. त्यांनी बोट ठेवलं आणि वरून खाली आणलं. ताईचं नाव तिथे होतं. क्रमांक बरोबर, वय बरोबर, शस्त्रक्रिया बरोबर. फोनच्या जागी नल. आणि पाळी आल्याची तारीख गेल्या थंडीतली. तेव्हा ती अजून जिना चढत होती.

शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईने कामावर आल्या आल्या विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?" ते नाही म्हणाले.

हृदयाच्या डॉक्टरांकडे ते कसे पोचले ते त्यांना नीट आठवत नव्हतं. डॉक्टरांनी ताईच्या अलीकडच्या तपासणीतले छातीचे फोटो मागवले, जुने शेजारी लावले आणि बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची वळवून म्हणाले, "आता नाही जमणार. हृदय फार दमलंय. टेबलावर घेतलं तर त्या परत येणार नाहीत."

"आणि औषधं?"

"चालू ठेवू. त्रास कमी होईल." डॉक्टरांनी ताईची नोंद चाळली. "थंडीतच पाळी आली होती की यांची. आम्हाला वाटलं, नको म्हणाल्या असतील. का नाही आल्या?"

"फोन नव्हता त्यांच्याकडे."

"अहो, घरात कोणाकडे तरी असेलच की फोन!" डॉक्टर हे रागाने नाही, हळहळून म्हणाले. काकांनी मान हलवली. त्यांच्या खिशात त्यांचा फोन होता, चांगला चालू होता.

तळघरात परतून त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. मग ते उठले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शब्द परत घातलात ना? झालं तर मग. आता राहिलेल्यांच्या पत्त्यांवर माणूस पाठवू. उगाच गवगवा करून कोणाचं भलं होणार आहे?" त्यात धमकी नव्हती, साहेब घाबरले होते, एवढंच. स्वच्छ करा म्हणालो होतो हे त्यांना आठवत होतं की नाही, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

पत्त्यांवर माणूस पाठवायचा तर कोणाकडे पाठवायचा, हे आधी बघायला हवं होतं. इस्पितळात तिसरंही एक टेबल होतं, मृत्यूंच्या नोंदींचं. आपल्याकडे मरण आलं किंवा बाहेरून दाखला आला, की त्यात रुग्णक्रमांक चढायचा. काकांनी फोन नसलेल्यांची यादी त्याला जोडली. या वेळी त्यांनी नुसतं जॉइन लिहिलं, कारण या वेळी त्यांना जुळलेल्या जोड्याच हव्या होत्या. नाही, नकोच होत्या. एकही जुळू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत त्यांनी कळ दाबली.

यादी आली. तिच्यात एकही जागा रिकामी नव्हती. नाव, पाळीची तारीख, आणि तिच्यानंतरची दुसरी तारीख, ओळीमागून ओळ. काहींची नावं त्यांना ओळखीची वाटली. हीच माणसं खिडकीवर यायची, "अजून नाही" ऐकून कट्ट्यावर जरा टेकायची आणि घरी जायची. डबा खायला वर जाताना काकांनी त्यांना पाहिलं होतं. किती ओळी आहेत ते पडद्याच्या तळाशी संगणक आपणहून लिहितो. काकांनी तिथे हात ठेवला आणि तो आकडा झाकून टाकला.

ते घरी चालत गेले. वाटेत त्यांनी वाक्य जुळवलं. ताई, तुझं नाव थंडीतच लागलं होतं आणि मीच ते गाळलं. बस, एवढंच. पुढे ती काय म्हणेल ते म्हणेल. थोबाडीत मारली तरी चालेल; लहानपणी मारायची, आणि मग स्वतःच रडायची. त्यांना वाटलं, तिने मारलं तर बरं होईल.

ताई उशांना टेकून खिडकीपाशी बसली होती. सोमवार होता. पायांतले बूट काढायच्या आधीच प्रश्न आला.

"लागलं का रे माझं नाव?"

"लागलं, ताई," काका म्हणाले.

ते पुढचं बोलणारच होते. थंडीतच, हा शब्द अगदी ओठांवर होता. पण ताईने दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि ती लहान मुलीसारखी हसली. इतक्या दिवसांत तशी हसली नव्हती.

"अगं, ऐकलंस का?" तिने काकूंना आत हाक मारली. "लागलं! माझं नाव लागलं! माझी पिशवी काढ बघू."

पिशवी कॉटखालीच होती. केव्हापासून भरून ठेवलेली. टॉवेल, कंगवा, आणि स्वतः बसल्या बसल्या इस्त्री केलेले दोन गाऊन, घड्या अशा की धारेने बोट कापावं. काकू दारात आल्या. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी दाराची चौकट धरली.

ताई धाप सावरत काकूंना सांगत होती, "हा दर सोमवारी बघायचा गं, बोट ठेवून. दुसऱ्या कोणाच्या हातात असतं, तर माझ्यासारखीचं नाव राहूनच गेलं असतं."

काका खाली वाकले. बुटाची गाठ त्यांनी स्वतःच सकाळी मारली होती, पण ती आता सुटेना.

"सकाळी किती वाजता निघायचं रे, बाळ्या?" ताईने विचारलं.

"लवकर निघू," काका म्हणाले. आणि त्यांनी पिशवी उचलून दारापाशी नेऊन ठेवली.